नकाशातील चिन्हांची पूर्वनिश्चिती : एक ऐतिहासिक विवेचन

भारतीय सर्वेक्षण विभागाचे ४७ एफ/१५ या क्रमांकाचे स्थलनिर्देशक पत्रक पुण्याकडील अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. पुरंदरचा किल्ला व त्याच्या भोवतालचा डोंगराळ मुलूख त्यात येतो. अशा एखाद्या पत्रकाची एका इंचास एक मैल या प्रमाणावरील जुनी आवृत्ती आणि १:५०,००० या प्रमाणावरील नंतरची आवृत्ती विद्यार्थ्यांपुढे ठेवून ‘काय बदलले?’ असे विचारले, तर पहिल्या पाच मिनिटांतच कोणीतरी म्हणतो की, डोंगराचा उतार सौम्य झाला आहे, बहुधा माती वाहून गेली असावी. उत्तर चुकीचे असते. परंतु ते निर्बुद्धपणाचे खचित नसते. जुन्या एक-इंची पत्रकांत दोन समोच्चरेषांमधील उंचीचा फरक साधारणतः ५० फूट, म्हणजे १५.२४ मीटर, धरलेला असे. मीटर पद्धतीच्या पत्रकांत तो २० मीटर झाला. त्यामुळे ३०० मीटर चढाच्या कड्यावर पूर्वी एकोणीस-वीस रेषा पडत, त्या आता पंधरा पडतात. शिवाय प्रमाण १:६३,३६० चे १:५०,००० झाल्याने तोच कडा कागदावर सव्वापटीहून थोडा अधिक रुंद दिसतो. या दोन्हींचा गुणाकार केला म्हणजे लगतच्या दोन रेषांतील कागदावरचे अंतर सुमारे दोन-तृतीयांशाने वाढते. रेषा दाट तेथे उतार तीव्र, विरळ तेथे सौम्य, हा धडा ज्याने नीट पाठ केला आहे तोच विद्यार्थी येथे फसतो. डोंगर होता तेथेच आहे. बदलला आहे तो डोंगर लिहिण्याचा नियम.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने नकाशातील बदल दोन प्रकारचे असतात. एक भूमीचा, दुसरा चिन्हसूचीचा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे जंगलतोड, ओसाड पडलेली गावे, आटलेले ओढे यांविषयी मोठमोठे निष्कर्ष चुकीच्या पायावर उभे राहतात. सांप्रत आपले बहुतेक नकाशे संगणकावर तयार होऊ लागल्यापासून हा धोका कमी होण्याऐवजी वाढला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे पाहावयाचे तर नकाशाची चिन्हे आगाऊ ठरवून ठेवण्याची प्रथा कोठून आली आणि तिने काय साधले व काय गमावले, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. पूर्वनिश्चित चिन्हशैली ही संगणकाने दिलेली एक सोय होय, असा समज अलीकडे रूढ झाला आहे. वस्तुतः ती दोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे.

तत्पूर्वीचे बहुतेक नकाशे चित्राच्या जवळचे होते. अठराव्या शतकातील मोडी लिपीतील मराठी नकाशांत डोंगर समोरून पाहिल्यासारखा उभा काढलेला आढळतो. नकाशा काढणाऱ्याने जे महत्त्वाचे मानले ते मोठे, बाकीचे लहान. तेथे चिन्हसूचीची गरजच नव्हती, कारण नकाशा काढणारा आणि वाचणारा एकाच दरबारातले, एकाच प्रदेशाशी परिचित असत. युरोपातही परिस्थिती फार निराळी नव्हती. फ्रान्समधील कासिनी घराण्याचा १:८६,४०० प्रमाणावरील नकाशा हा अठराव्या शतकातील एक मोठा सर्वेक्षण-प्रकल्प होय. त्याची सुमारे १८० पत्रके निघाली. त्रिकोणमापनाच्या दृष्टीने तो अपूर्व होता. पण त्यातील चिन्हे पाहू गेल्यास पत्रकागणिक फरक दिसतो. काम अनेक दशके चालले, मोजणीदार बदलले, कोरीवकाम करणारे बदलले, आणि प्रत्येकाने आपापली सवय ताम्रपटावर उतरविली. स्थाने अचूक, चिन्हे मात्र स्वैर, असा हा विलक्षण दस्तऐवज आहे.

या स्वैरतेचा बंदोबस्त करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न १८०२ मध्ये पॅरिस येथे झाला. फ्रान्सच्या युद्धखात्याच्या नकाशा-भांडाराने एक आयोग बोलाविला. लष्कराखेरीज नौदल, खाणी, पूल व रस्ते, वने, परराष्ट्र व्यवहार अशा नाना खात्यांचे प्रतिनिधी त्यात होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रश्न सौंदर्याचा नव्हता. एका खात्याने काढलेला नकाशा दुसऱ्या खात्याला वाचता येत नव्हता. जंगलखात्याच्या नकाशावरील जी खूण वनाधिकाऱ्याला स्वच्छ समजे ती तोफखान्याच्या अधिकाऱ्याला कोडे वाटे. क्रांतीनंतरच्या त्या राज्यात मीटर पद्धती नुकतीच कायद्याने आली होती. प्रत्येक प्रांताचे मैल आणि मापे जशी एका मापात आणावयाची होती, तशीच प्रत्येक कारखान्याची चिन्हेही एका सूचीत आणावयाची होती.

आयोगाने ठरविलेल्या गोष्टींपैकी तीन आपल्या विषयाशी निगडित आहेत. नकाशांची प्रमाणे दशमान असावीत. उंची समुद्रसपाटीपासून मोजावी. एखाद्या नदीच्या काठापासून किंवा शहराच्या वेशीपासून नव्हे. आणि तिसरी, सर्वांत दूरगामी: जमिनीवरील वस्तू शक्य तेथवर वरून पाहिल्याप्रमाणे दाखवाव्यात, समोरून पाहिल्याप्रमाणे नव्हे. या तिसऱ्या निर्णयाने डोंगराचा चेहरा गेला. जो वाटसरू दुरून शिखराचा आकार ओळखून वाट काढीत असे त्याला नवा नकाशा निरुपयोगी झाला. ज्या अधिकाऱ्याला कधीही न पाहिलेल्या प्रदेशात तोफा न्यावयाच्या होत्या त्याला तो अनमोल झाला. चिन्हांची सूची ठरविणे म्हणजे वाचक कोण हे ठरविणे होय, हे या निर्णयात प्रथमच इतक्या उघडपणे दिसते. समोच्चरेषांची कल्पना त्या वेळी अज्ञात नव्हती. द्युपँ-त्रिएल याने १७९१ मध्ये फ्रान्सचा तसा नकाशा प्रसिद्ध केला होता. परंतु त्या काढण्यास लागणारी उंचीची मापे पुरेशी उपलब्ध नव्हती, म्हणून उताराच्या दिशेने काढलेल्या बारीक रेघांवर, म्हणजे हॅशूरवर, भिस्त ठेवावी लागली. योगायोग असा की, याच १८०२ सालच्या एप्रिलमध्ये लॅम्टन याने मद्रासजवळ आपली आधाररेषा मोजावयास आरंभ केला होता. जमीन मोजण्याची नवी पद्धत इकडे आणि ती लिहिण्याची नवी लिपी तिकडे एकाच वर्षी आकार घेत होती. दोहोंचा परस्परसंबंध मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसावा.

हॅशूरच्या बाबतीत सॅक्सनीतील लष्करी अधिकारी योहान गेओर्ग लेमान याने १७९९ मध्ये जे केले ते तात्त्विक दृष्ट्या फ्रेंच आयोगापेक्षाही एक पाऊल पुढचे होते. सपाट जमीन पूर्ण पांढरी, ४५ अंशांचा उतार पूर्ण काळा, आणि मधल्या प्रत्येक उतारासाठी रेघेची जाडी व मोकळी जागा यांचे निश्चित गुणोत्तर, असा त्याने नियम घालून दिला. येथे चिन्ह हे वस्तूचे प्रतीक उरत नाही. ते मापाचे फल होते. अमुक माप आले की अमुक काळेपणा, मध्ये कलावंताच्या लहरीला वाव नाही. आजच्या संगणकीय शैलीचे बीज शोधावयाचे असेल तर ते येथे आहे.

आता भारताकडे वळू. १९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीनंतर येथे एक-इंची प्रमाणावरील रंगीत पत्रकांची नवी मालिका सुरू झाली आणि तिच्याबरोबर एक स्थिर चिन्हसूचीही रूढ झाली. समोच्चरेषा तपकिरी, पाणी निळे, वनस्पती हिरवी, रस्ते व वस्ती तांबडी, लागवडीखालील जमीन पिवळी. ही सूची केवळ विलायतेची नक्कल होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात बांधलेली विहीर व न बांधलेली विहीर हा भेद आहे. मंदिर, छत्री, मशीद, ईदगाह, थडगे यांना स्वतंत्र खुणा आहेत. आणि, सर्वांत मार्मिक म्हणजे, बारमाही पाणी निळे पण कोरडे पडणारे प्रवाह काळे आहेत. युरोपच्या बहुतांश भागात या भेदाची आवश्यकता भासली नसती. दख्खनच्या पठारावरील पत्रके पाहिली तर काळ्या रेघांचे जाळेच्या जाळे दिसते. निळा रंग मोठ्या नद्या व तलाव यांपुरताच. मात्र हा काळा रंगसुद्धा जपून वाचावा लागतो. मोजणीचा हंगाम प्रायः पावसाळा संपल्यानंतरचा असे. मोजणीदार मार्गशीर्षात आला की वैशाखात, यावर एखाद्या ओढ्यात पाणी दिसणे न दिसणे अवलंबून असू शकते. दोन आवृत्त्यांत ओढ्याचा रंग बदलला म्हणजे पर्जन्यमान बदलले, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी मोजणी कोणत्या महिन्यांत झाली याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

सूचीत काय आहे यावरून राज्यकर्त्यांची नजर कळते. राखीव वन, संरक्षित वन, पोलीस ठाणे, टपालकचेरी, डाकबंगला यांना अक्षरखुणा आहेत, कारण फिरतीवर निघालेल्या अधिकाऱ्याला हीच ठिकाणे लागत. सूचीत काय नाही हे त्याहून बोलके असते. ज्या सूचीत विहिरीचे बांधीव आणि कच्ची एवढेच दोन भेद असतात तीत पायऱ्यांची, कोनाड्यांची, शिलालेखाची बारव आणि शेतकऱ्याने मागल्या वर्षी दगड लावून बांधलेली मोटेची विहीर एकाच वर्तुळात जमा होतात. देवराईचेही असेच आहे. झाडांच्या हिरव्या रंगात ती मिसळते, नाहीतर मंदिराच्या खुणेमागे दडते. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास हाती घेऊन १९८१ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध केली; एवढी मोठी संख्या इतकी वर्षे नकाशांवर असून नसल्यासारखी होती. चिन्ह नाही म्हणून वस्तू नाही, असे इतिहासलेखकाने कधीही मानू नये.

एका राष्ट्राच्या आत सूची लादता येते. राष्ट्राराष्ट्रांत काय होते हे पाहण्यास दशलक्षी नकाशाचे उदाहरण उद्बोधक आहे. १८९१ मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय भूगोल परिषदेत आल्ब्रेख्त पेंक या जर्मन भूगोलज्ञाने अशी सूचना मांडली की, सर्व पृथ्वीचा १:१०,००,००० प्रमाणाचा एकच नकाशा सर्व देशांनी मिळून, एकाच नियमाने काढावा. प्रत्येक पत्रक अक्षांशाचे ४ अंश आणि रेखांशाचे ६ अंश व्यापील, उंची मीटरमध्ये असेल, उंचीचे पट्टे ठरलेल्या रंगांचे असतील, असा आराखडा होता. सूचना सर्वांना आवडली, आणि मग बावीस वर्षे वादात गेली. मूळ रेखावृत्त ग्रीनिचचे की पॅरिसचे, माप मीटरचे की फुटांचे, नावे कोणत्या लिपीत, यांवर राष्ट्रे हटून बसली. १९०९ मध्ये लंडन येथे आणि १९१३ मध्ये पॅरिस येथे परिषदा झाल्या, तपशीलवार नियम ठरले, आणि वर्षभरात महायुद्ध पेटले.

या प्रकल्पाचा पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्याची देखरेख स्वीकारली. १९६२ मध्ये बॉन येथे नियम बदलण्यात आले. १९८० नंतरच्या दशकात त्यावरील देखरेख थांबली. सगळी पत्रके कधीच पूर्ण झाली नाहीत. वैमानिकांसाठी याच प्रमाणावरील निराळी मालिका निघाल्याने ज्यांना जगाचा एकसारखा नकाशा खरोखर हवा होता त्यांची गरज अन्यत्र भागली. याला अपयश म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पुरते पटत नाही. नियम कागदावर परिपूर्ण होते. परंतु त्यांचा भंग झाल्यास कोणाचेच काही बिघडत नव्हते, आणि अशा नियमाला सहसा हीच गत येते. शिवाय त्याचा एक अवशेष आपल्या हाताशी आहे. भारताने आपल्या ४ अंशी चौरस पत्रकांचा निराळा क्रम चालविला होता, त्यात पुणे ४७ क्रमांकात येते. दशलक्षी नकाशात तोच प्रदेश एनई ४३ मध्ये येत असे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार भारतीय सर्वेक्षण विभागाने नागरी उपयोगाची खुली मालिका आणि संरक्षणाची स्वतंत्र मालिका असे दोन भाग केले. त्यांपैकी खुल्या मालिकेतील आपल्या भागाच्या पत्रकांचे क्रमांक ‘ई ४३’ या अक्षरांकांनी सुरू होतात. पेंकची चौकट अशा रीतीने मागल्या दाराने परत आली. जुने क्रमांक ठाऊक असलेल्या संशोधकाने दोन्ही क्रमांकांचे कोष्टक जवळ बाळगावे. प्रक्षेपण व पृथ्वीचा मानलेला आकार हेही दोन्ही मालिकांत भिन्न असल्याने एक पत्रक दुसऱ्यावर तसेच्या तसे बसत नाही.

नियमभंगाने जीव जातो अशा क्षेत्रात काय घडले, हे समुद्राच्या नकाशांवरून दिसते. १९२१ मध्ये मोनाको येथे आंतरराष्ट्रीय जलालेखन कार्यालय स्थापन झाले. जहाज आज एका राष्ट्राच्या किनाऱ्यावर तर उद्या दुसऱ्याच्या. खडकाचे चिन्ह बंदरागणिक बदलले तर कप्तानाने करावे काय? कागदी सागरी नकाशांची चिन्हे हळूहळू एका सूचीत आली, आणि नकाशे पडद्यावर आले तेव्हा त्याच संस्थेच्या परंपरेत ‘एस-५२’ नावाची दर्शनसंहिता तयार झाली. तिचे स्वरूप अभ्यासनीय आहे. दिवसाचे, संधिप्रकाशाचे व रात्रीचे रंग निरनिराळे दिलेले आहेत, जेणेकरून अंधारात खलाशाचे डोळे दिपू नयेत. काही माहिती अशी आहे की ती पडद्यावरून काढून टाकण्याची मुभाच नाही. आणि काही चिन्हे प्रसंगानुसार बदलतात: जहाजाला किती खोल पाणी हवे हे कप्तानाने सांगितले की, त्यानुसार कोणती खोली धोक्याची रेषा म्हणून ठसठशीत दिसावयाची हे यंत्र ठरविते, आणि बुडालेल्या खडकाला धोक्याची खूण लावावी की नाही हेही त्यावरून ठरते. एकच खडक एका जहाजाला संकट म्हणून दिसतो, दुसऱ्याला केवळ खोलीचा आकडा म्हणून. लेमानचे ‘अमुक माप, अमुक काळेपणा’ हे सूत्र येथे पूर्णत्वास गेले आहे. चिन्ह आता वस्तूला चिकटलेले नाही. वस्तू, वाचक आणि प्रसंग या तिघांवरून ते दर वेळी नव्याने निष्पन्न होते.

जमिनीवरील संगणकीय नकाशाची सुरुवात याहून पुष्कळ ओबडधोबड होती. हॉवर्ड फिशर यांच्या पुढाकाराने १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास हार्वर्ड येथे पुढे आलेली ‘सिमॅप’ ही प्रणाली ओळमुद्रकावर अक्षरांवर अक्षरे छापून गडद-फिकट छटा निर्माण करी. त्या नकाशांना पाहून जुन्या नकाशाकारांनी नाके मुरडली असतील तर त्यांना दोष देता येत नाही. पण एक गोष्ट तेव्हाच घडून गेली होती. माहिती एका ठिकाणी आणि तिचे रूप दुसऱ्या ठिकाणी, अशी फारकत झाली होती. याच सुमारास, १९६७ मध्ये, झाक बेर्तँ यांचा ‘सेमिओलोजी ग्राफिक’ हा फ्रेंच ग्रंथ निघाला. आकारमान, गडदपणा, पोत, रंग, दिशा व आकार या दृश्य गुणांपैकी कोणता गुण कोणत्या प्रकारचा अर्थ वाहू शकतो, याची त्यांनी चिकित्सा केली. संख्येचे लहानमोठेपण आकारमानाने दाखविता येते, आकाराने नाही. त्रिकोण हा वर्तुळापेक्षा ‘अधिक’ असतो असे कोणाचाही डोळा मानीत नाही. ही तत्त्वे संगणकासाठी लिहिलेली नव्हती, पण संगणकाला नियम सांगताना त्यांचाच आधार सोयीचा ठरला.

२००२ मध्ये ओपन जीआयएस कन्सॉर्टियम या संस्थेने चिन्हशैली लिहिण्याची एक सार्वत्रिक भाषा मान्य केली. २००६ मध्ये तिची सुधारलेली मांडणी आली. तिच्यात लिहिलेला नियम साध्या मराठीत सांगावयाचा तर असा असतो: ज्या रस्त्याची नोंद ‘राज्यमार्ग’ अशी आहे, आणि नकाशाचे प्रमाण अमुक ते अमुक यांच्या दरम्यान आहे, तो इतक्या रुंदीच्या तांबड्या रेघेने काढावा आणि त्याचे नाव अमुक अक्षरात त्यावर लिहावे. बिंदू, रेषा, क्षेत्र, अक्षर आणि चित्रपट्ट यांसाठी असे निरनिराळे नियम असतात. आर्कजीआयएस, क्यूजीआयएस यांसारख्या प्रणालींत हे नियम आपापल्या पद्धतीच्या स्वतंत्र फायलीत साठविता येतात आणि ती फाईल दुसऱ्याला देता येते. दहा विद्यार्थी दहा तालुक्यांचे नकाशे करीत असतील आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचा निळा रंग निवडला, तर नीरा नदी प्रत्येक सरहद्दीवर रंग पालटील. एकच शैली-फाईल सर्वांनी वापरली तर नदी एकच राहते. एवढा लाभ निर्विवाद आहे आणि त्यासाठी विभागाने सामायिक शैली-संच ठेवावा हे कोणीही मान्य करील.

अडचण पुढे आहे. जुना नकशेनवीस सूची पाळीत असे, पण आंधळेपणाने नव्हे. दोन खुणा एकमेकींवर येऊ लागल्या तर तो एक जराशी बाजूला सरकवी. सूचीत न बसणारी वस्तू आली तर समासात टीप लिही. त्याचे हात नियमातील उणीव मुकाट्याने भरून काढीत. यंत्र असे करीत नाही. नोंद ज्या वर्गात बसविली त्या वर्गाचे चिन्ह उमटते, आणि कोणत्याच वर्गात न बसलेली नोंद, नियमच नसल्याने, उमटतच नाही. तिच्या जागी कोरी जमीन दिसते व ती कोरी जमीन अत्यंत विश्वासार्ह वाटते. शैली-फाईल तयार करताना सर्वांत शेवटी ‘वरीलपैकी कोणतेही नाही’ असा एक नियम ठेवून त्याला भडक, कुरूप रंग द्यावा, अशी माझी विद्यार्थ्यांना नेहमीची सूचना असते. तो रंग नकाशा बिघडवितो, आणि तेच त्याचे काम आहे.

दुसरी अडचण इतिहासकाराची खास आहे. स्वयंसेवकांनी सिद्ध केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्याच्या प्रमाण शैलीत मोटरमार्ग निळे आणि त्याखालच्या दर्जाचे प्रमुख मार्ग हिरवे होते, कारण ब्रिटिश रस्त्यांवरील पाट्यांचे रंग तेच आहेत. आपल्याकडील राष्ट्रीय महामार्ग त्या दुसऱ्या वर्गात नोंदविण्याचा प्रघात पडला. परिणामी मुंबईहून कोकणमार्गे गोव्याला जाणारा महामार्ग, ज्याचा ब्रिटिश पाट्यांशी सुतराम संबंध नाही, जगाच्या नकाशावर हिरवा झाला. जंगलाच्या हिरव्यात हिरवा रस्ता व नदीच्या निळ्याशेजारी निळा रस्ता नीट दिसेना, म्हणून २०१५ मध्ये शैली बदलली गेली आणि असे सर्व मार्ग तांबडा, नारिंगी, पिवळा अशा रंगश्रेणीत गेले. निर्णय योग्यच होता. पण तो अमलात आला तेव्हा जगातील सर्व रस्त्यांनी एकदम रंग बदलला, आणि जमिनीवर कोठे एक दगडही हलला नव्हता. त्या नकाशाची २०१४ मधील छापील प्रत ज्याच्याजवळ आहे तो आज पडद्यावरील नकाशाशी तिची तुलना करील, तर दोन वेगळ्या दर्जांचे रस्ते पाहिल्याचा भास त्याला होईल.

कागदी पत्रकाच्या समासात आवृत्तीचे वर्ष, मोजणीचा हंगाम, प्रमाण आणि सूची ही सारी एकत्र छापलेली असत. कितीही फाटला तरी कागद स्वतःचा साक्षीदार असतो. पडद्यावरील नकाशाला असा समास क्वचितच असतो. माहिती एका दिवशी बदलते, शैली दुसऱ्या दिवशी, आणि आपण जो नकाशा पाहिला तो त्या क्षणापुरता होता. म्हणून आपल्या विभागात जे ऐतिहासिक नकाशे संगणकावर सिद्ध होतील त्यांच्यासाठी माहितीची फाईल, शैलीची फाईल व दोहोंचे दिनांक एकाच जागी जपून ठेवावेत, आणि नकाशाची एक स्थिर प्रतही ठेवावी. जुन्या पत्रकावरून नोंद घेताना मूळ सूचीतील वर्ग जसाच्या तसा एका रकान्यात लिहावा आणि आपला नवा वर्ग दुसऱ्या रकान्यात. मूळ वर्ग पुसून नवा लिहू नये. ‘बांधलेली विहीर’ असे पत्रकात असेल तर तसेच लिहावे, जागेवर जाऊन पाहिल्यावर ती बारव निघाली तर ते पुढच्या रकान्यात. काम दुप्पट होते, आणि विद्यार्थी कंटाळतात, हे खरे आहे.

या पद्धतीची कसोटी घेण्यास कोयनेचे खोरे उत्तम आहे. तेथे धरण होण्यापूर्वीच्या एक-इंची पत्रकांत आणि नंतरच्या पत्रकांत जो फरक दिसतो तो चिन्हसूचीचा नाही. गावे, वाटा आणि नदीकाठची शेते खरोखरच पाण्याखाली गेली आहेत. तरीही त्या निळ्या क्षेत्राची कडा हा पुन्हा एक नियमच आहे. नियम पूर्ण भरलेल्या पातळीचा धरला तर कडा एके ठिकाणी पडते, मोजणीच्या वेळी प्रत्यक्ष दिसलेल्या पाण्याचा धरला तर दुसरीकडे. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरले की निळ्या रंगात गेलेली बरीच जमीन उघडी पडते. नव्या पत्रकावर त्या निळ्याच्या आत समोच्चरेषा नाहीत. दरीचा तळ कसा होता हे सांगणाऱ्या रेषा पन्नास फुटांच्या अंतराने काढलेल्या त्या जुन्या पत्रकांवरच आहेत. त्या संगणकावर उतरविताना मीटरमध्ये बदलून घेण्याचा मोह टाळावा. आधी त्या फुटांतच, त्यांच्या मूळ आकड्यांनिशी, लिहून घ्याव्यात.